सोमवारची बैठक

३ फेब्रुवारी

चि. स्वल्पास,
अ. उ. आ.

तुझं पत्र नाही म्हणजे तू खुशाल आहेस, असं धरून चालते. आम्ही दोघी आहोत तशा आहोत. आईची भूक बरी आहे. कानही शाबूत आहेत, विशेषतः शेजारच्या खोलीत तिच्याबद्दल बोलणं चाललेलं असेल तेव्हा.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू इतक्या गोड आवाजात हो ताई, हो ताई करतोस की फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं, हा कशालाच हो म्हणालेला नाही. म्हणून कागद पुढे ओढला.

डॉक्टरीणबाईंनी शेवटी सांगितलं की गर्भाशय काढून टाकायला हवं. वर्षभर मी चालढकल केली, आता अंगात रक्त राहत नाही म्हणाल्या. प्रयोगशाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या हाताळते आणि स्वतःचा आकडा पाहायची भीती वाटते, असं माझं झालं आहे. ऑपरेशन मोठं नाही. पुढचे सहा आठवडे मोठे आहेत. जड उचलायचं नाही. जड म्हणजे किती, असं विचारलं तर म्हणाल्या, भरलेली बादलीसुद्धा नाही. आई भरलेल्या बादलीपेक्षा जड आहे.

सकाळी सातला पलंगावरून खुर्चीत, एकला परत पलंगावर, चारला खुर्चीत, आठला पलंगावर. ती पडल्यापासून दीड वर्ष हे चार वेळा उचलणं चाललं आहे. दुपारी एकला मी जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येते आणि चारला काम संपवून. मदतीला दोन बायका ठेवून पाहिल्या. पहिलीला आईने तीन दिवसांत पळवलं आणि दुसरीला मी, कारण ती आईला लहान मुलासारखं बोलायची.

तेव्हा सहा आठवडे आईला तुझ्याकडे ठेवावं, असं मनात आहे. तुझं घर तळमजल्यावर आहे, चष्म्याचं दुकान समोर आहे, आणि ती तुझीही आई आहे. अडचण एकच आहे आणि ती तुला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी ती आठ दिवस तुझ्याकडे आली होती, तेव्हा सोमवारी तू तिला गॅलरीत बसवून तासाभरात येतो म्हणून पोकर खेळायला गेलास. दार ओढलं गेलं, आतला खटका पडला आणि ती सहा तास गॅलरीत राहिली. मला तिने एवढंच सांगितलं की तुझ्याकडचा रस्ता बघण्यासारखा आहे. खरं काय ते मला नंतर तुझ्याकडून कळलं. तेव्हा ती स्वतःच्या पायांनी उभी तरी राहत होती. आता तेही नाही.

पैशांचं मी विचारत नाही, ते तुझं तू बघ. मला वेळेचं सांग. सोमवार, गुरुवार, शनिवार असं तीन तीनदा जाणं चालणार नाही. मी अट घालते: आठवड्याला एकच बैठक. मान्य असेल तर लेखी कळव. बाबांची मुलं आपण, तोंडी शब्दाला आपल्या घरात कधी किंमत नव्हती. महिनाभर तू हे पाळून दाखवलंस की मी रुग्णालयात खाट सांगते.

आई आशीर्वाद सांगते. राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. राग आला नाही. धास्ती मात्र वाटली, आणि ती तुझ्या ऑपरेशनची. वर्षभर सहन केलंस आणि एका शब्दाने बोलली नाहीस. मीही विचारलं नाही, हे तू लिहिलं नाहीस. ते मी लिहितो.

आईला जरूर पाठव. माझी खोली तिला देतो आणि मी बाहेरच्या बाकावर झोपतो. बायको वेगळी राहायला गेल्यापासून निम्मं घर तसंही न वापरता पडून आहे. आईशी भांडायला का होईना, कोणी तरी असेल.

पोकरचं म्हणशील तर तुला वाटतो तसा तो अड्डा नाही. सतरंज्यांच्या दुकानावरची खोली आहे. हिरवं कापड टाकलेलं टेबल, सहा खुर्च्या, एक कळकट पंखा. दातांचा डॉक्टर येतो, पोहायला शिकवणाऱ्या बाई येतात, जहाजावरचा एक निवृत्त स्वयंपाकी येतो. सगळे माझ्यासारखेच, घरी कोणी वाट बघत नसलेले. दिवसभर मी अंधाऱ्या खोलीत लोकांना विचारतो, हे स्पष्ट दिसतं की ते. माणसं भिंतीवरच्या अक्षरांकडे बघतात, माझ्याकडे कोणी बघत नाही. तिथे टेबलाभोवतीची पाच माणसं माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात, माझ्या हातात काय आहे म्हणून. एवढं निरखून मला कोणी कधी पाहिलेलं नाही. बाबांनी पाहिलं असेल एकदा. वाकडा आणि एवढासा दिसलो म्हणून त्यांनी स्वल्पविराम नाव ठेवलं. आज पंचेचाळिशीला पोट सुटलं तरी ते काही सुटत नाही.

अट मान्य. गुरुवार आणि शनिवार बंद. आठवड्याला एकच बैठक, सोमवारी, दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी. लेखी घे.

आईला नमस्कार. लोभ आहे तो राहू दे, वाढवण्याइतकं मी अजून काही केलेलं नाही.

तुझा
स्वल्प


सोमवार, १२ फेब्रुवारी, रात्रीचे नऊ

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिला आठवडा पार पडला. गुरुवारी गेलो नाही, शनिवारी गेलो नाही. शनिवारी चार वाजता दुकानात बसून मी एकाच चष्म्याच्या काड्या चार वेळा सरळ केल्या. शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, बरा होता पहिला.

आणि आज एकच बैठक झाली, शब्दाला जागलो. सकाळी अकराला खुर्चीत बसलो ते संध्याकाळी साडेसातला उठलो. मधे एकदाही उठलो नाही, अगदी मोरीत जायलासुद्धा. पोहण्याच्या बाई म्हणाल्या, पाय तरी मोकळे करा. मी म्हटलं, उठलो तर बैठक मोडेल आणि दुसरी बसता यायची नाही, ताईला शब्द दिलाय. सगळे हसले. घरी येताना डाव्या पायाला इतक्या मुंग्या आल्या होत्या की जिन्यात पाच मिनिटं कठड्याला धरून उभा राहिलो.

आमच्या कोपऱ्यावरची टपालपेटी दिवसातून एकदाच, सकाळी दहाला उघडतात, म्हणून हे उद्या निघेल. तब्येतीचं कळव. माझ्यावरचा हक्क कमी करू नकोस.

तुझा
स्वल्प


१५ फेब्रुवारी

चि. स्वल्पास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी हसले. मग आईला वाचून दाखवलं, तीही हसली. मग मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

साडेआठ तास, स्वल्प. साडेआठ तास एकाच खुर्चीत बसलास आणि ते मला अभिमानाने लिहिलंस. चूक माझी आहे. जन्मभर प्रुफं तपासणाऱ्या माणसाच्या पोरांना अट घालताना शब्द जपून वापरायला हवा होता. आठवतं ना, बाबांनी पाटीवर लिहिलं होतं, जेवताना पुस्तक वाचू नये. तू पुस्तक फाडून सुटी पानं वाचत बसलास. बाबांनी मार दिला नाही, पाटी पुसून नीट लिहिली. तेव्हा मजा वाटायची. आता बैठक म्हणजे काय याचा तू असा कीस काढतोस तेव्हा मला मजा वाटत नाही, दमायला होतं. त्या साडेआठ तासांत आई तुझ्या घरी असती तर एकला तिला खुर्चीतून पलंगावर कोणी नेलं असतं? चारला कोणी उठवलं असतं? ओल्या कपड्यात किती वेळ राहिली असती, याचा हिशोब कर आणि मग बैठक मोडली नाही म्हणून सांग.

मंगळवारी माझ्या हातून दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. पोटात कळ आली म्हणून ओट्याला रेलले होते, तेवढ्यात झालं. शेजारच्या मुलीच्या लक्षात आलं म्हणून निभावलं, नाही तर एका धडधाकट माणसाला कोणी नको ते औषध दिलं असतं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कोणी बोल लावला नाही. मीच घरी येईपर्यंत स्वतःशी बोलत होते.

आता नीट लिहिते. दोन तास, घड्याळाचे. अकराला बसलास तर एकला टेबलापासून दूर, घराच्या वाटेवर. डाव अर्धा असो, हातात कसली का पानं असोत. आणि त्याच दिवशी परत आल्यावर मला पत्र. यात पळवाट सापडली तर आधी मला कळव, मी बुजवते.

आई सांगते की पायाला तेल लाव. माया आहेच, फक्त सध्या तिच्यातही रक्त कमी आहे.

तुझी
ताई


सोमवार, १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पळवाट सापडली नाही, शोधलीही नाही.

आज अकराला बसलो आणि एकला उठलो. दातांच्या डॉक्टराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं, त्याला वाटलं मी हूल देतोय. घरी येऊन वरण शिजत ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. दोन तास म्हणजे फार थोडे नसतात, आता कळलं. नळ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. ममत्व असू दे.

तुझा
स्वल्प


सोमवार, २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आजही एकला उठलो. या वेळी हातात खरोखर चांगली पानं होती, तरी ती पालथी टाकली आणि टोपी घेतली. बाहेर ऊन छान पडलं होतं. घरी न येता बागेत गेलो, बाकावर बसून एक संत्रं सोलून खाल्लं. सोमवारच्या दुपारी त्या बागेत मी कधी गेलोच नव्हतो. बिया खिशात घालून आणल्या.

आईची खोली झाडून घेतली. पलंग भिंतीपासून ओढून घेतला आहे, म्हणजे दोन्ही बाजूंनी तिला धरता येईल. तू आता खाट सांगून टाक. आपुलकी असावी.

तुझा
स्वल्प


२ मार्च

चि. स्वल्पास,
अ. उ. आ.

खाट सांगितली. २१ मार्च, बुधवार. आईला १८ तारखेला, रविवारी, गाडीने तुझ्याकडे आणते, सोमवारचा दिवस सोबत राहते आणि मंगळवारी परत येऊन दाखल होते.

आईला सांगितलं. ती आधी म्हणाली की मला कुठे पाठवू नका. दहा मिनिटांनी म्हणाली की निळी शाल ठेव. अर्ध्या तासाने विचारलं की त्याच्याकडचा रस्ता अजून तसाच आहे का. गॅलरीचा तिच्या मनात राग आहे की नाही ते मला आजवर कळलेलं नाही. दुपारी तिने पिशवी मांडीवर घेऊन स्वतः भरली. चार पातळं, कंगवा, बाबांचं भिंग. डोळे तपासणारा मुलगा असताना भिंग कशाला म्हटलं, तर म्हणाली, तो दुकानात असेल तेव्हा मी काय करू.

स्वल्प, दीड वर्षात पहिल्यांदा काल मी जेवून पुन्हा कामाला गेले नाही, अर्धी रजा टाकून झोपले. तुझी दोन पत्रं उशाशी होती. बरं वाटलं. एवढंच लिहायचं होतं. तुझ्यावर जीव आहे, तो आज जरा हसरा आहे.

तुझी
ताई


६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला पाठवू नकोस.

१९ आणि २६ तारखेची दोन्ही पत्रं खोटी आहेत. दोन्ही मी सोमवारी सकाळी, खेळायला जाण्याआधी लिहिली. १९ तारखेला मनात कपट नव्हतं, शपथेवर सांगतो. वाटलं की आधी लिहून टाकलं, पेटीत टाकलं, की मग तसं वागावंच लागेल, लेखी शब्द मोडता येणार नाही. दहाच्या आत पेटीत टाकलं आणि अकराला जिना चढलो. एक वाजला तेव्हा घड्याळ पाहिलं. मनात आलं की ताईच्या लेखी मी उठलेलोच आहे, आता कोण विचारतंय. पाचला उठलो. २६ तारखेला मात्र मला आधीपासून ठाऊक होतं की मी उठणार नाही. तरी लिहिलं. संत्र्याचं तर मी बराच वेळ विचार करून लिहिलं. नुसतं उठलो लिहिलं असतं तर खरं वाटलं नसतं, म्हणून बाग घातली आणि बिया घातल्या.

काल तुझं २ तारखेचं पत्र सकाळी हातात पडलं. वाचायला वेळ नव्हता, कारण अकरा वाजत आले होते. खिशात टाकलं. दोनच्या सुमाराला पानं वाटणं चालू असताना काढून वाचलं. आईने पिशवी मांडीवर घेऊन भरली तिथपर्यंत आलो. घडी घातली, खिशात ठेवलं आणि पुढचा डाव खेळलो. मग आणखी एक. सहाला उठलो. जिंकलो की हरलो ते आठवत नाही, खरंच आठवत नाही.

हे मी त्या टेबलापाशी बसून लिहू शकलो नसतो. त्या खुर्चीत बसल्यावर आई कुठे बाहेर गेलेली असते, तू बाहेर गेलेली असतेस, सगळी माणसं कुठे तरी बाहेर गेलेली असतात. नंतर परत येतात. त्या मधल्या वेळेत माझ्या घरात पलंगावर कोणी असता कामा नये.

तू खाट सांगून बसली आहेस हे मला ठाऊक आहे. काय करायचं ते सुचत नाही. लोभाविषयी काही लिहायला आज तोंड नाही.

स्वल्प


९ मार्च

चि. स्वल्पास,
आ.

मला ठाऊक होतं.

पाकिटावरच्या शिक्क्यात तारीख असते आणि वेळही असते. तुझी पेटी सकाळी दहाला उघडते हे तूच १२ तारखेला लिहिलं होतंस. १९ तारखेच्या दुपारी एक वाजता उठून घरी जाऊन लिहिलेल्या पत्रावर २० तारखेचा शिक्का पडायला हवा. तुझ्या पाकिटावर १९ तारीख होती, सकाळची. पुढच्या पाकिटावर २६, सकाळची. प्रुफं तपासणाऱ्याची मी मुलगी, दिवसभर नळ्यांवरच्या तारखा आणि वेळा वाचणं हा माझा धंदा. ते मला पाकीट फोडायच्या आधी दिसलं.

दिसलं आणि मी ते तसंच सोडलं. पाकीट उलटं ठेवलं आणि पत्र वाचलं. दुसऱ्या वेळीही तेच. शिक्का पाहिला आणि तरी संत्र्यावर विश्वास ठेवला. खाट सांगितली, आईकडून पिशवी भरून घेतली. काही झालं असतं तर मी म्हणाले असते की मला काय माहीत, त्याने लेखी दिलं होतं. इतकी दमले आहे मी. चूक दिसत असताना तिच्यावरून नजर पुढे नेण्याइतकी दमले आहे. तू खोटं लिहिलंस याचा राग आहेच, पण त्यातला निम्मा माझा मलाच पुरतो.

तुला मी पुन्हा तासांची मर्यादा घालणार नाही. बैठक मोजली, घड्याळ मोजलं. तू माझ्या शब्दांशी खेळत राहिलास आणि मीही तुझ्या समोर बसून खेळत राहिले, माझ्या हातात काही नसताना. आता माझी मर्यादा सांगते, ती तुझ्यासाठी नाही. २१ तारीख बदलणार नाही. आणि आईला जिथे कोणी दार ओढून जाईल तिथे मी पाठवणार नाही. या दोन गोष्टींमध्ये जे बसेल ते करायचं. शुश्रूषागृहात विचारून आले. सहा जणींची खोली, खिडकीपासून तिसरा पलंग. स्वच्छ आहे. तिथे उचलायला दोन माणसं असतात.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. लपवावंसं वाटलं नाही. मधेच थांबवून तिने पिशवीचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाली की इतक्या वर्षांत त्याच्या पत्रात पहिल्यांदा एकही विनोद नाही, पोर खरं बोलतंय. शुश्रूषागृहाचं सांगितलं तेव्हा तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी पिशवी उपसायची का विचारलं, तर म्हणाली की राहू दे, कुठे तरी जायचंच आहे.

अंतर पडलं आहे, पण तुटलेलं नाही, एवढं समज.

ताई


१३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला हलवू नकोस. मी तिकडे येतो.

शनिवारी, १७ तारखेला, दुपारच्या गाडीने पोचतो. सहा आठवडे दुकान बंद. तयार झालेले चष्मे शेजारच्या घड्याळजींकडे ठेवले आहेत, गिऱ्हाइकांना पाटी लावली आहे. अर्धवट कामं दुसऱ्या चष्मेवाल्याकडे दिली. त्याने कपाळाला आठ्या घालून घेतली. तुझ्या गावात मला एकही खेळणारा ओळखत नाही आणि मी कुठे शोधायला जाणार नाही. हे मी लेखी देत नाही, कारण माझ्या लेखीचं काय होतं ते आपण पाहिलं. येतो एवढंच.

अकरा वाजता बसून एकला उठणं मला जमत नाही, ताई. ज्यांना जमतं त्यांना जमत असेल. पोहण्याच्या बाई दर वेळी दीड तासाने पर्स उचलतात आणि जातात, मी त्यांच्याकडे पाहत राहतो. मला बसण्याआधी थांबता आलं तर आलं, नंतर नाही. हे शोधायला मला दोन खोटी पत्रं आणि तुझी ती एका दुपारची झोप लागली.

आणि कालचं. काल सोमवार होता. सहा आठवडे येणार नाही हे सांगायला म्हणून वर गेलो. दारातच उभा राहून सांगायचं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाला, आलाच आहेस तर एक हात खेळून जा. तीन तास पन्नास मिनिटं. येण्याआधी तुला हे माहीत असावं. यावरही तू ये म्हणालीस तर येतो, नाही तर तार कर, दुकान उघडतो.

शुश्रूषागृहाच्या खाटेला अजून नाही म्हणू नकोस. मी पोचलो, की मग म्हण.

तुझा
स्वल्प


बुधवार, २१ मार्च, सकाळी सहा

चि. स्वल्पास,
अ. उ. आ.

तू आणि आई दोघं झोपला आहात. रिक्षा सव्वासहाला येईल. खालच्या मजल्यावरची नर्सबाई सोबत येते आहे, तू आईजवळ थांब. हे पत्र साखरेच्या डब्याखाली ठेवते.

उचलण्याचं तीन दिवस दाखवलं, तरी लिहून ठेवते. आधी खुर्चीची चाकं अडकव. तू विसरतोस. मग तिचे दोन्ही हात तुझ्या मानेमागे, तुझा उजवा गुडघा तिच्या दोन गुडघ्यांच्या मधे. उचलायचं नाही, वळवायचं. ती म्हणेल की मला जमेल, सोड. सोडायचं नाही. ती म्हणेल की दुखलं नाही. भुवई पाहा, डावी भुवई वर गेली की दुखलेलं असतं. दुपारी ती चष्मा न लावता भिंगाने वर्तमानपत्र वाचते, त्यावर काही बोलू नकोस.

शुश्रूषागृहाच्या खाटेला मी नाही म्हटलेलं नाही. शुक्रवारपर्यंत ती आपल्या नावावर आहे. त्यांचा क्रमांक दारामागे चिकटवला आहे. हात टेकले तर त्यांना फोन कर, मला विचारू नकोस, रागावणारही नाही. दार ओढून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

परवा सोमवारी तुला पाहिलं. अकरा वाजता तू बूट घातलेस आणि दारापर्यंत गेलास. तिथे किती तरी वेळ उभा होतास. आई आणि मी भाजी निवडत राहिलो. मग तू बूट काढलेस आणि घरातले सगळे चष्मे गोळा करून पुसायला बसलास. माझा, आईचा, बाबांचा जुना, तुटक्या काडीचासुद्धा. एक वाजला तेव्हा उठून आईला खुर्चीतून पलंगावर नेलंस. चाकं अडकवायला विसरलास, तिने आठवण केली.

पुढचे सहा सोमवार मी बघायला नसेन. दोन रुग्णालयात, चार पलंगावर. तुला काही विचारणार नाही, पत्रही मागणार नाही.

शेवटी तुझ्यावर माझा विश्वास आहे असं लिहिणार होते. दोनदा पेन टेकवलं. पण ते अजून खरं नाही, आणि खोटं लिहायला आता दोघांनाही बंदी आहे. विश्वास नाही, स्वल्प. तरी जाते आहे.

रिक्षा आली. आईला सात वाजता उठव.

तुझी
ताई